तिसऱ्या हाकेला

ही गोष्ट मी आजवर कुणापुढे काढलेली नाही. बायकोपुढे नाही, इर्शादपुढेही नाही — आणि इर्शादला तर माझे दहावीचे गणिताचे खरे मार्क माहीत आहेत. तसे माझ्या फजितीचे किस्से निम्म्या महाडला पाठ आहेत, कारण मीच ते सांगत फिरतो. वीर स्टेशनवर चुकीच्या नवरदेवाच्या गळ्यात हार घातला तो मीच. कंपनीच्या लॅबमध्ये चहात साखर समजून भलतीच पांढरी पूड टाकणार होतो, तोही मीच. लोक हसतात, मीही हसतो. पण माणूस आपल्या छोट्या चुका एवढ्या मोठ्यानं का सांगतो, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? मला पडलाय. उत्तरही माहीत आहे. एक मोठी चूक त्या गलबल्यात ऐकू येऊ नये म्हणून.

तर — आमचा एक बँड होता. हसू नका. म्हणजे हसा, पण आत्ताच हसून घ्या.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. बँडचं नाव ‘थर्ड शिफ्ट’. आम्ही तिघेही महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, आणि तिघांच्या पाळ्या कधी जुळायच्या नाहीत. जुळली असती तर ती तिसरीच, असा त्यातला विनोद. तो आमच्याशिवाय कुणाला कळला नाही. इर्शाद ड्रम वाजवायचा. त्याच्या कुवेतच्या भावाला आम्ही गिटार आणायला सांगितली, तर त्यानं चार तारांची आणली. दोन तारा कमी म्हणून आम्ही महिनाभर त्या दुकानदाराला शिव्या घातल्या. मग कुणीतरी सांगितलं की ही बेस गिटार, अशीच असते. बोटं चार तारांपुरतीच चालत असल्यानं ती माझ्या गळ्यात पडली.

आणि गाणारा सुदाम. पोलादपूरच्या वर डोंगरात बारा-पंधरा घरांची वाडी आहे, तिथला. बिरवाडीत खोली घेऊन राहायचा, रिअॅक्टरवर ऑपरेटर. त्याचा आवाज असा, की मोटारच्या घरघरीतही शेजारच्या प्लांटला ऐकू जावा. आम्ही दोघं बँडमध्ये होतो. सुदाम म्हणजे बँड होता. हे मी आज लिहितोय. तेव्हा कुणी म्हणालं असतं तर मी त्याच्याशी महिनाभर बोललो नसतो.

त्याच्या वाडीत एक रीत होती. संध्याकाळी गुरं घेऊन रानात गेलेलं माणूस परतलं नाही, की घरातली बाई बांधावर उभी राहून हाक घालायची — “सुदाम, हाय का रे?” आणि रानातून ओ यायची — “हाय!” एवढंच. कुठं आहेस, कधी येतोस, काही नाही. आहेस ना? आहे. बस. दोन हाकांना ओ आली नाही तरी घाबरायचं नाही, वारा उलटा असेल. पण तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही, तर सगळ्या वाडीनं बत्त्या घेऊन शोधायला निघायचं.

सुदामनं याचं गाणं केलं. ‘हाय का नाय’. आमच्या दुसऱ्या कॅसेटमधलं सगळ्यात चांगलं गाणं — आणि खरं सांगू? एकमेव चांगलं. बाकीची सात मी लिहिली होती. त्यांत ‘जीवन’ हा शब्द अकरा वेळा होता.

ही कॅसेट पबमध्ये प्रकाशित करायची, ही माझी टूम. आमच्यापैकी कुणीही पब पाहिलेला नव्हता. गोवा हायवेवर एक परमिट रूम होती, तिच्या मालकानं रविवारी चार ते सात जागा दिली. सातनंतर त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक. दिवसाढवळ्या अंधार पडावा म्हणून आम्ही खिडक्यांना इर्शादच्या घरातले पडदे लावले. पेंटरला बॅनर सांगितला — ‘थर्ड शिफ्ट, आज पबमध्ये’. त्यानं रंगवून आणला — ‘आज पब्लिकमध्ये’. म्हणाला, “अर्धाच शब्द लिवलाव तुमी, म्हटलं पुरा करून देऊ.”

हा किस्सा मी शंभरदा सांगितलाय. नेहमी इथेच थांबतो.

आज पुढे जातो. जायला हवं.

मुंबईहून एका कॅसेट कंपनीचा माणूस येणार होता. आमच्या लेखी तो आला की आमची पाळी संपली, कायमची. मी काळं जाकीट शिवून घेतलं होतं. आतून रेक्झिनचं, बाहेरूनही रेक्झिनचंच. आणि सुदामनं एक बेत केला होता. त्यानं आईला बोलावलं होतं. आठवडाभर तो दुसरं काही बोलतच नव्हता.

“विन्या, आजवर तिनं हाक मारली नि मी ओ दिली,” तो म्हणाला. “ह्या टायमाला मी हाक मारणार गाण्यात. ती खालनं ओ देणार. तिला काय सांगितलेला नाय मी. पन ती देनारच. हाक आयकली का गप बसवायचा नाय तिला.”

आईनं त्याला कधी गाताना ऐकलंच नव्हतं. ‘गाना-बजावना’ तिला पसंत नव्हतं. ती यायला कबूल झाली, हेच त्याला मोठं होतं. बारमधल्या फॅमिली रूमची एक खुर्ची त्यानं स्वतः पुसून ठेवली. मला म्हणाला, “तू दारात बघ. आली का तिथं बसव, आनि मला खूण कर.”

मी बरं म्हणालो.

सव्वाचारला मी दारात उभा होतो. मुंबईचा पाहुणा आत बसला होता, त्याच्या पुढ्यात पहिली बिअर आली होती. आणि हायवेच्या कडेनं ती येताना दिसली. गुडघ्यापर्यंत काष्टा, डोक्यावर पदर, पायात काही नाही. काखेत कोंबडा. जिवंत. पायाला हिरवी चिंधी बांधलेला. दोन एस.ट्या बदलून तो तिच्याबरोबर आला होता, आणि माझ्यापेक्षा शांत होता.

तिनं मला लांबूनच ओळखलं. ओळखणारच. तिच्या घरी मी तीनदा जेवलो होतो. तिसऱ्यांदा भात कमी पडला, तेव्हा ‘मघाशीच जेवले’ म्हणून ती उठली होती, आणि ते खोटं आहे हे कळूनही मी जेवलो होतो.

“विनायका, सुरू झाला का रे?” तिनं विचारलं. “गाडी लेट झाली. ह्यो तुमा पोरांना आनलाय.”

आता इथे मला तुम्हाला सांगता येईल की मला लाज वाटली. त्या पाहुण्यासमोर, त्या जाकिटासमोर, कोंबडा घेतलेली म्हातारी नको वाटली. ते खरं आहे. बरीच वर्षं मी स्वतःलाही एवढंच सांगत आलो. लाज वाटणं हे माणसासारखं असतं, नाही का? त्याला माफीची थोडी जागा असते.

पण ते पुरं खरं नाही. माझ्या डोक्यात ते गाणं वाजत होतं. सुदाम हाक मारणार, फॅमिली रूममधून ही बाई डोंगरातल्या आवाजात ओ देणार, सगळा बार उठून उभा राहणार, पाहुणा बिअर विसरणार — आणि माझी सात गाणी? ती कुणाच्या लक्षात राहणार? सुदामची आई दारात उभी होती आणि मला दिसत होतं की ही आत गेली, की आजचा दिवस त्याचा. पुरा त्याचाच. मला तो द्यायचा नव्हता. एवढं साधं आहे.

मी म्हणालो, “मावशी, ही दारूची जागा आहे. सुदामच म्हणाला, आई आली तर तिला आत आणू नको. त्याला बरं वाटणार नाही, चार लोकांत.”

सुदामच म्हणाला. हे शब्द मी वापरले. दुसरं काहीही सांगता आलं असतं — कार्यक्रम रद्द झाला, गाडीची वेळ झाली. पण मला पक्कं माहीत होतं की दुसऱ्या कुठल्याही कारणानं ती परतली नसती. दारातच बसून राहिली असती.

तिनं खिडकीच्या पडद्याकडे पाहिलं. आतून इर्शाद ड्रम ठोकून बघत होता.

“बरोबर हाय त्याचा,” ती म्हणाली. “बाईमानसाचा काय काम हितं. माज्याच ध्यानात आला नाय.” मग कोंबडा माझ्या हातात दिला. “आनि विनायका, मी आल्ती म्हनून त्येला बोलू नको हां. मनाला लावून घेल.”

मी रिक्षा थांबवली, तिला स्टँडवर सोडायला सांगितलं. नमस्कारही केला. वाकून.

आत आल्यावर सुदामनं भुवया उडवल्या. मी मान हलवली — नाय.

शेवटच्या गाण्यापर्यंत तो दाराकडे बघत होता. मग ‘हाय का नाय’ सुरू झालं. ठरलेल्या जागी त्यानं गाणं थांबवलं, आम्हालाही थांबवलं, आणि हाक घातली — “आये, हाय का गो?” बारमध्ये शांतता. पंखा तेवढा. त्यानं थोडं थांबून दुसऱ्यांदा घातली. कुणीतरी ग्लास टेबलावर ठेवला. पाहुण्यानं घड्याळात पाहिलं. तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज फाटला. आणि मी — कार्यक्रम पडतोय या भीतीनं म्हणा, जन्माच्या खोडीनं म्हणा — माइकशी वाकलो आणि बाईचा बारीक आवाज काढून म्हणालो, “हाऽऽय!”

बार हसला. पाहुणाही हसला. सुदाम क्षणभर माझ्याकडे बघतच राहिला, मग तोही हसला आणि त्यानं गाणं पुरं केलं.

पाहुण्यानं जाताना सांगितलं की ‘हाय’ हा शब्द फार मॉडर्न आहे, तरुण पोरं एकमेकांना तसंच म्हणतात. मुंबईला गेल्यावर कळवतो. त्यानं काही कळवलं नाही.

आणि तो कोंबडा? तुम्ही विचारणार नाही, पण सांगतो. मालकाच्या आचाऱ्यानं तो केला. “मी कापला तरच मी खाणार,” म्हणून इर्शादनं तो स्वतः कापला. त्याआधी, कोंबडा मागच्या दारी नेताना, मी त्याच्या पायाची हिरवी चिंधी सोडून खिशात टाकली होती. तिच्या लुगड्याच्या काठाची होती, सुदामनं ओळखली असती. हे मला सुचलं. बँडसाठी एक ओळ धड सुचत नव्हती, आणि हे सुचलं. जेवताना सुदाम म्हणाला, “गावठी हाय रे. आमच्याकडचा वाटतो.” मी म्हणालो, मालकानं आणला. त्यानं दोनदा रस्सा घेतला.

तुम्हाला वाटेल, मायलेक कधीतरी बोलले असतील, उलगडा झाला असेल. मीही वर्षभर त्याच भीतीत होतो. पण ती कधीच म्हणाली नाही की मी आले होते. लेकाला आपली लाज वाटते, हे लेकाला कसं बोलून दाखवायचं? आणि त्यानं कधी विचारलं नाही की का आली नाहीस. ती कॅसेटही त्यानं घरी नेली नाही. त्यानंतर ते गाणं म्हणाला नाही, मग हळूहळू कुठलंच म्हणाला नाही. बँड मोडला. लोक म्हणाले पाळ्या जमत नव्हत्या. मीही तेच म्हणालो.

पाच-सहा वर्षांनी सुदामची आई गेली. मी दहाव्याला वाडीवर गेलो होतो. सुदाम माझ्याशेजारी बांधावर बसला — त्याच बांधावर — आणि म्हणाला, “एकदाच बलावली होती तिला. नाय आली. पन तू होतास म्हनून त्या दिवशी माझी लाज राहिली रे. तू ओ दिलीस.”

तिनंच मला सांगू नको म्हटलं होतं, ही सबब तेव्हा माझ्या जिभेवर होती. मी तीही वापरली नाही. मी फक्त त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं, मी धीर देतोय.

आजही तो हे सांगतो. गेल्या गणपतीत त्यानं आपल्या पोरीला सांगितलं, माझ्यादेखत — “ह्या काकानं ओ दिली होती मला.” पोरगी माझ्याकडे कौतुकानं बघत राहिली. मी मोदक खात होतो. खात राहिलो.

त्या दिवशी इर्शादनं काउंटरवर टेपरेकॉर्डर ठेवून सगळं भरून घेतलं होतं. ती टेप माझ्याकडे आहे. पहिली हाक, मग पंखा. दुसरी हाक, मग ग्लासाचा आवाज. तेव्हा ती पोलादपूरच्या गाडीत बसली असेल, किंवा स्टँडवर असेल अजून. मग तिसरी हाक येते. त्यांच्या वाडीत तिसऱ्या हाकेला ओ आली नाही, तर माणसं शोधायला निघतात.

टेपवर ओ येते. ती माझी आहे.