वारा लागेल

"काकू, हात नको, वारा लागेल." हे तिचं पहिलं बोलणं. मी नुसता तिच्या बाटलीकडे हात नेला होता.

मी चौथी शिकलेली. अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकेल, माफ करा. हायड्रोजन हा शब्द तेवढा बरोबर असेल, तो तिने लिहून दिलेला आहे.

किहीमला आमच्या वाडीतली मागची खोली पुण्याहून संशोधनाला आलेल्या या मुलीने भाड्याने घेतली होती. ओहोटीला खाडीकाठच्या खाजणात गुडघाभर चिखलात उतरायची. तुम्ही पाहिलं असतंत तर खेकडे धरणारी समजला असतात. बाटली चिखलातच बुडवून भरायची, आत बुडबुडासुद्धा राहू द्यायची नाही. त्या चिखलातले बारीक जीव हायड्रोजन तयार करतात, म्हणायची. त्यांच्या अंगातल्या ज्या रसाच्या जोरावर करतात, त्याच्या गाभ्यात लोखंडाचा कण असतो. पुण्याला नेऊन ती त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकायची. मग कागदावर डोंगरासारखी रेघ उठायची. वारा लागला असला की डोंगर जागचा सरकायचा. तिचा दर खेपेला सरकलेला.

"लोखंडाला वाऱ्याने काय व्हतंय?" मी विचारलं.

"तुमच्या खिडकीचे गज बघा," ती म्हणाली. गंजून निम्मे झालेत.

एकदा ती जेवत असताना समुद्रावरून वारा सुटला. मी गुपचूप सगळ्या बाटल्यांना फडकी बांधली, बाळंतिणीचे कान बांधतात तशी. ते पाहून ती हसत खालीच बसली. कापडातून हवा जाते हो, म्हणाली. मग गाठ निरखून विचारलं, किती बाळंतपणं केलीत?

"शेजारणींची. आमच्यात पाळणा हलला न्हाय."

तिचं हसू थांबलं. फडकी तिने सोडली नाहीत, तशीच पुण्याला नेली. एक बाटली मात्र माझ्यासाठी ठेवली.

जाताना म्हणाली, रेघ जागेवर आली तर पुढच्या कामाला परदेशी जाईन, नाहीतर परत तुमचा चिखल. मी देवापुढे दिवा लावला आणि काय मागावं तेच सुचेना. शेवटी रेघच मागितली.

फोन आला. "काकू, रेघ जागेवर आली. वारा लागला नाही."

"फडक्यांनी?"

तीही माझ्यासारखंच म्हणाली, "व्हय."

आता त्या खोलीत सुट्टीचे पाहुणे उतरतात. परवा एका बाईने फळीवरची बाटली उचलली, फडक्याची गाठ सोडायला लागली. पाहुण्यांशी मी सहसा बोलत नाही.

"हात नको," मी म्हटलं, "वारा लागेल."