आत्याची ठेंगणी शेवंती

आषाढातल्या एका दुपारी चुलतभाऊ पुण्याला माझ्या वसतिगृहाच्या दारात उभा राहिला. घोंगडीतून पाणी ठिबकत होते. "आत्या गेली. तापानं," एवढेच तो म्हणाला... त्याला मी आत बोलावले की तिथेच उभा राहिलो, ते आता आठवत नाही.

सोनाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि तिने आमच्या अंगणात पिवळी शेवंती लावली. मुळशीच्या वाऱ्यापावसात उंच रोप आडवे होते, म्हणून ती अंगठ्याच्या नखाने शेंडे खुडत राही. खुडले की बाजूंनी फांद्या फुटत आणि गुडघ्याखालीच दाट, गोल झुडूप होई. नागपंचमीला आमच्याकडे काही चिरत, तोडत नाहीत. त्या दिवशी तिचा हात जो थांबे, तो पुन्हा शेंड्याला लागत नसे. मग न खुडलेल्या शेंड्यांवर कळ्या धरत आणि दिवाळीला पाने दिसू नयेत इतकी फुले येत. ती सरली की बुंध्यातून नवे मुनवे, मुळाशी फुटणारी कोवळी रोपे, निघत.

मी कॉलेजात शिकायला निघालो, तेव्हा आमच्या घरात काय बोलावे ते कोणालाच सुचेना. आत्या माझ्या उंचीकडे बघत म्हणाली, "ह्याला येळंवर कुनी खुडला न्हाई, म्हनून असा लांबडा झालाय. पुन्यात वारं सुटलं तर भितीला धरून चाल बाबा." सगळे हसले. मला निघणे सोपे झाले.

पुढे धरणाचे पाणी चढू लागले आणि आम्ही वर माळावर खोपटे बांधले. माणसे चौकटी, जाती उचलत होती. आत्या मातीसकट मुनवे पाटीत भरत होती. वडील वैतागले.

"आक्का, घर बुडतंय आन् तू फुलं कसली नेतीस?"

"घर तू ने. ही मी नेती. वर फुलली, तर आमी तितं ऱ्हायलो म्हनायचं."

मुरमाड जमिनीत मुनवे जगले. फुलण्याआधी आत्या गेली.

दिवाळीच्या सुटीत घरी गेलो. झुडपे ठेंगणी, हिरवीगार, अगदी तिच्या हातची वाटावीत अशी. कळी मात्र एकही नव्हती. आई रडवेली झाली होती. "रोज खुडती रे. तिचं काम हाय म्हनून एक दिस चुकवला न्हाई."

"पंचमीला थांबली नाहीस?"

"औंदा कुटली पंचमी? घरात दुखवटा न्हवं का..."

दुखवट्यात सण नाही. सण नाही, म्हणून थांबणेही नाही. "आता राहू दे. उशिरा का होईना, येतील फुलं," असे म्हणालो. खात्री मलाही नव्हती.

सुटी संपवून निघालो, त्या सकाळी आई शेवंतीपाशी बसली होती. शेंडे कोवळे, हाताच्या अंतरावर. तिने दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले होते.