हिरव्या साडीवरचं ब्लाऊज

तेलंगणातल्या जैनथच्या चौकात उद्धवरावांचं शिलाईचं दुकान आणि त्याला खेटून माझं किराण्याचं. इतकी वर्षं आमच्यात एक भिंत काय ती, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे असं मी समजतो.

माणूस दिलेल्या वेळेला पक्का. बतुकम्माचा सण आला की तेलुगू बायकांची रीघ लागायची, ती ओसरते न ओसरते तोच आपल्या बायकांची दिवाळी. उद्या म्हटलं की उद्याच. दुकान चाललं ते याच गुणावर. पण या गुणापायी घरातलं माणूस ताटकळत राहतं, हे काही त्यांना दिसायचं नाही. मला त्याचा राग यायचा. अजूनही येतो.

त्यांची बायको चंद्रभागाबाई. माहेर पैनगंगेपलीकडचं. एका भाऊबीजेला भावानं, वामनरावांनी, तिला हिरवी साडी घेतली. तिच्यावरचं ब्लाऊजचं कापड, सोबत मापाला जुनं ब्लाऊज, असं गाठोडं बांधून ती हौसेनं दुकानात आली. उद्धवरावांनी ते वरच्या फळीवर टाकलं. गिऱ्हाइकाचं आधी, घरचं सवडीनं, ही टेलर लोकांची रीतच आहे. फक्त सवड कधी झाली नाही.

दुपारी डबा घेऊन आली की तिची नजर फळीकडे जायची. एकदा माझ्यादेखत हसत म्हणाली, "गिऱ्हाईक म्हणून आली असती, तं कवाचं शिवून भेटलं असतं." उद्धवरावही हसले, पाय मशीनवर चालूच. भाच्याच्या लग्नाला ती जुन्याच साडीत गेली.

पुढे तिला दुखणं लागलं. अदिलाबादच्या दवाखान्यात तिला शेजारच्या तुळजाबाई नेत-आणत, कारण उद्धवरावांकडे लग्नसराईचे कपडे होते. ते वाईट नव्हते हो. एवढी शिलाई हातावेगळी झाली की दुकान बंद करून तिच्याजवळ बसू, असं ते मला सांगत आणि मनापासून सांगत. तेवढ्यात ती गेली.

तिला शेवटचं नेसवायला बायकांनी पेटीतून ती हिरवी साडी काढली आणि वरचं ब्लाऊज मागितलं. उद्धवराव उठले. दुकान उघडलं, फळीवरचं गाठोडं सोडलं आणि जुन्या ब्लाऊजवर माप धरून कापड कापलं. घराच्या अंगणात सारा गाव खोळंबला होता, वामनराव चिडले होते. मी दुकानात जाऊन म्हणालो, लोक थांबलेत.

"थांबू द्या," ते मान वर न करता म्हणाले. "आज तिचं आधी."

शिवलेलं ब्लाऊज तुळजाबाई घरी घेऊन गेल्या आणि थोड्याच वेळात परत घेऊन आल्या. "भाऊ, हे लय ढिलं होऊन राह्यलं."

माप चांगल्या दिवसांतलं होतं. दुखण्यात ती किती वाळली, हे उद्धवरावांनी धड पाहिलंच नव्हतं. ब्लाऊज हातात घेऊन त्यांनी उसवायला सुरुवात केली आणि मधेच थांबले.

"किती आत घेऊ? तुमीच सांगा."

तुळजाबाईंनी ब्लाऊजची एक बाजू चिमटीत धरून दाखवली. तेवढं कापड पाहिलं आणि उद्धवराव मशीनवर डोकं ठेवून रडायला लागले.