मामाचे चिंचोके

माझ्या लग्नात दारू कमी पडली नाही आणि उरलीही नाही. हिर्डोशीच्या खोऱ्यात ही गोष्ट इतकी नवलाची होती, की माझं लग्न लोकांच्या ध्यानात राहिलं ते तेवढ्यासाठीच. नवरी कशी दिसत होती, लुगडं कसलं होतं, हे कुणाला आठवत नाही. "त्या लग्नात दारू कशी बेतशीर पुरली" हे मात्र म्हातारी माणसं परवापरवापर्यंत सांगायची आणि मी समोर बसून हसायची. आता हसत नाही. वय झालं की खोटं हसायचा कंटाळा येतो.

तेव्हा भोरला संस्थान होतं. वऱ्हाडाला दारू पाजायची ती मुलीकडच्यांनी, असा आमच्याकडचा रिवाज. भाजीत मीठ कमी पडलं तर व्याही चालवून घेत, पण दारू कमी पडली की गाड्या जुंपायची भाषा सुरू होई. जास्त झाली तर घरचेच पिऊन मांडवाचे खांब उपटत. दारूचा गुत्ता होता भोरात, आणि भोर ते हिर्डोशी ही दिवसभराची चाल. त्यातून लग्नासाठी जास्त न्यायची तर कचेरीची चिठ्ठी लागे आणि किती शेर हवी ते चिठ्ठीसाठी आधीच सांगावं लागे. म्हणजे अंदाज एकदाच करायचा. चुकला तर मांडवात सगळ्यांच्या देखत चुकायचा.

या अंदाजात माझ्या मामाचा हात धरणारा कुणी नव्हता. स्वतः थेंबाला शिवत नसे, पण चार गावचे लोक मुलीचं लग्न ठरलं की आधी भटजीकडे जात आणि मग मामाकडे येत. मामा आवतण द्यायचं निमित्त काढून नवऱ्यामुलाच्या गावी जायचा, दोन दिवस पारावर बसायचा आणि गाव डोळ्यांत भरून आणायचा. घरी आला की सारवलेल्या जमिनीवर ते गाव चिंचोक्यांनी मांडायचा. ही वेस, हे देऊळ, ही वरची आळी. घरात एक चिंचोका म्हणजे पावशेर पिणारा एक माणूस. फोडून अर्धा केलेला म्हणजे नवटाक. न पिणाऱ्याचं घर रिकामं. गाडीवान अर्धेच धरायचे, कारण त्यांना परत बैल हाकायचे असतात. वाजंत्र्यांचे वेगळे. "पेताडाला इचारलं तर दुप्पट सांगतो, त्येच्या बायकूला इचारलं तर निम्मं सांगती," मामा म्हणायचा, "म्हून इचारायचं ते शेजाऱ्याला."

आम्ही मामाच्या घरी राहायचो, आई, मी आणि माझी धाकटी बहीण. वडील वेल्ह्याकडचे. बाजारातून पिऊन येताना ते ओढ्यात पडून गेले. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. गुडघाभर पाण्यात धडधाकट माणूस बुडतो, हे मी नवव्या वर्षी शिकले. त्यांचे दिवस झाल्यावर आईनं आम्हा दोघींच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्या भावकीसमोर सांगितलं, "ज्या घरात बाटली, त्या घरात माझी पोर न्हाई द्यायची." मग बोचकं घेऊन ती भावाकडे आली. त्या एका वाक्यावर मी सात वर्षं जगले. माझ्या मैत्रिणी नवरा गोरा की काळा यावर बोलायच्या. मला त्याची फिकीर नव्हती. काळा असो, बुटका असो, संध्याकाळी शुद्धीवर घरी येणारा असला की झालं.

भोंगवलीचं स्थळ आलं तेव्हा मी मामाला स्वतः म्हणाले. मुलीनं असं बोलायची पद्धत नव्हती, पण माझी जीभ लहानपणापासून लांबच.

"मामा, पीत आसंल तर मला हिरीत ढकला, पर तिथं देऊ नगा."

मामानं माझ्या पाठीवर हात ठेवला. भोंगवलीला गेला, दोन दिवस राहिला. परत आल्यावर पाय धुऊन ओट्यावर बसला. आईनं पाण्याचा तांब्या दिला आणि विचारलं, "दादा, पोरगा पितो का?"

"छ्या! माळकरी घर हाय. पोरगं तर गाईवानी. वासबी घेत न्हाई."

मी दाराआड होते. एवढं ऐकलं आणि आत जाऊन देवासमोर दिवा लावला. त्या दिवशी मला कुणी राजाची राणी केलं असतं तरी एवढा आनंद झाला नसता.

लग्न झालं. व्याह्यांचं वऱ्हाड तृप्त झालं, शेवटचा बुधला शेवटच्या माणसाबरोबर रिकामा झाला. व्याह्यांनी भर मांडवात मामाला फेटा बांधला. अंदाज करणाऱ्याला फेटा बांधल्याचं त्याआधी आणि त्यानंतर मी कधी पाहिलं नाही.

सासरी गेल्यावर पहिल्या बाजारच्या दिवशी मला कळलं. नवरा गाडी भाड्यानं कापूरहोळला न्यायचा. तिन्हीसांजेला बैल आपले आपण घरी आले, आणि गाडीत हा आडवा. सासूनं कंदील धरला आणि मला म्हणाली, "पाय तू धर, डोकं मी धरते." तिच्या बोलण्यात नवल नव्हतं, लाज नव्हती. रोजची घागर उचलावी तसं तिनं त्याला उचललं. सासरे खरंच माळकरी होते. ते भिंतीकडे तोंड करून झोपले.

माणूस वाईट नव्हता, हेही सांगते. त्यानं माझ्यावर कधी हात टाकला नाही. शुद्धीवर असला की पोरांना खांद्यावर घेऊन शेतात जायचा. पण शुद्धीवर किती असायचा, हाच तर प्रश्न होता.

मला तेव्हा कीव आली ती मामाची. एवढा हुशार माणूस, आणि भोंगवलीकरांनी त्याला फसवलं! शेजाऱ्यांनी गोड बोलून दडवलं असणार, असं मी मनाशी धरलं. आणि आईचं काय होईल, या विचारानं तर माझा जीव अर्धा झाला. तिनं भावकीसमोर दिलेला शब्द. तिला कळलं तर ती अंथरूण धरेल. म्हणून मी ठरवलं, माहेरी बोलायचं नाही.

चार वर्षं मी आईशी खोटं बोलले. पंचमीला आले, दिवाळीला आले, पहिल्या बाळंतपणाला आले, दर वेळी नवऱ्याचे गोडवे गायले. तो बांधावरून पडला आणि कपाळ फुटलं, तर मी सांगितलं बैलानं ढुसकलं. माझ्या गळ्यातली पुतळ्यांची माळ दिसेना, तर म्हटलं सासूनं सांभाळून ठेवलीय. खोटं बोलायला डोकं लागतं, आणि मला तर आधी बोलायचा आणि मग विचार करायचा स्वभाव. भोंगवलीहून येताना वाटभर मी खोटी उत्तरं पाठ करत यायची. आई फक्त "बरं" म्हणायची आणि परतताना माझ्या पिशवीत खोबरेल नि हळदीची पुडी घालायची.

मग धाकटीचं लग्न ठरलं, वेल्ह्याकडच्याच एका गावात, आमच्या वडिलांच्या मुलखात. मी आठ दिवस आधी माहेरी आले. भर दुपार होती. मामा ओटीवर चिंचोके घेऊन बसला होता, शेजारी आई सुपात तांदूळ निवडत होती. धाकटी परसात. मामानं वेल्ह्याकडचं गाव निम्मं मांडलं होतं. मला त्याला खुलवायची लहर आली. त्याला त्याच्या कामाबद्दल विचारलं की तो लहान पोरासारखा फुलायचा.

"मामा, माझ्या येळंला कसं मांडलं हुतं वो? एक थेंब हिकडचा तिकडं झाला न्हाई!"

"त्ये काय इसरतोय मी?" मामानं उरलेले चिंचोके जवळ ओढले आणि जमिनीच्या कोऱ्या भागावर भोंगवली मांडायला लागला. "ही येस. ह्यो मारुती. हितं सुताराचं घर, दोगं भाऊ, दोन चिंचोकं. ह्यो म्हातारा दिसतो वाळल्याला, पर पावशेरात मागं न्हाई."

खरंच सगळं बरोबर होतं. चार वर्षं मी त्या गावात नांदत होते. कोण किती पितो हे मलाही आता ठाऊक होतं, आणि मामाचा एक चिंचोका चुकत नव्हता. मी मान डोलावत होते. मामा आमच्या आळीत आला.

"आता तुजं घर. व्याही माळकरी, त्येंचं रिकामं. थोरला चुलता एक. धाकटा चुलता गरीब दिसतो, पर त्येला दोन लागत्यात. अन् जावईबापू..." त्यानं एक चिंचोका दाताखाली धरून फोडला. "एरवी पुरा. पर नवरदेव म्हंजे हळदीचं अंग, चारचौगांत जास्त पिता येत न्हाई. म्हून त्येला नवटाकच धरला."

अर्धा चिंचोका त्यानं माझ्या घरात ठेवला. आणि मग त्याचा हात तिथंच राहिला.

तो माझ्याकडे बघेना. मी त्या अर्ध्या चिंचोक्याकडे बघत होते. शेजाऱ्यांनी काही दडवलं नव्हतं. सगळं विचारून, मापून, एरवी किती आणि हळदीला किती इथपर्यंत पक्कं करून मामा आला होता आणि ओट्यावर बसून "वासबी घेत न्हाई" म्हणाला होता. त्याचा अंदाज बरोबर आला, कारण त्यानं माझा नवरा त्यात धरला होता. त्याच अंदाजासाठी त्यानं फेटा बांधून घेतला.

संतापानं माझे कान तापले, पण तोंड उघडण्याआधी मला भीती वाटली ती आईची. तिनं ऐकलं होतं. मी घाबरून वळले.

आई तांदूळ निवडत होती. तिनं एक खडा उचलला, अंगणात टाकला आणि सूप पुन्हा हलवलं.

"आये?"

"ठावं हाय मला," आई म्हणाली. "दादानं आल्याबरूबर सांगितलं हुतं, गोठ्यात."

म्हणजे ओट्यावरचं ते विचारणं आणि ते सांगणं माझ्यासाठी होतं. मी दाराआड आहे हे दोघांनाही माहीत होतं.

"तू डोस्क्यावर हात ठिवला हुतास माज्या."

"ठिवला हुता. मग जागा बघाया लागले. न पिणारी दोनच मिळाली. एकाच्या घरी पावसाळ्यात चूल पेटत न्हाई, दुसरा माज्या वयाचा. भोंगवलीला मोटंची हीर हाय, जोंधळ्याची भाकर हाय. बिनबापाच्या पोरीला आणखी काय मिळतंय?"

"मला सांगायचं!"

"सांगितलं आसतं तर तू गेली आसतीस?"

नसते गेले. आणि जायचं की नाही हे मला ठरवायचं होतं, तिला नव्हे. हे मी आज सुचलं म्हणून सांगत नाही. तेव्हाच म्हणाले, आणि मोठ्यानं म्हणाले.

"मग बैलानं ढुसकलं म्हून मी सांगितलं, तवा?"

"तवाबी ठावं हुतं. तुला सांगाया नगं वाटत आसंल, म्हून म्या इचारलं न्हाई."

चार वर्षं मी वाटेवर खोटं पाठ करत आले, ते जिच्यासाठी, ती सगळं जाणून "बरं" म्हणत होती. नवऱ्याची दारू मी सोसली होती. हे मला सोसेना. मामा परक्या घरचा, एकवेळ त्याला सोडून देईन. पण माझी आई माझ्या तोंडावरचं खोटं दर खेपेला बघत होती आणि तिनं मला ते एकटीला वाहू दिलं.

मला रडायचं नव्हतं. मी वेल्ह्याकडच्या मांडलेल्या गावाकडे बोट केलं. "अन् धाकटीचं? तिचं तरी?"

मामाला जणू सुटका मिळाली. "तुज्या गळ्याची आन, पोरी. ह्यो पोरगा सुपारीसुदीक खात न्हाई." त्यानं घाईघाईनं बाकीची घरं भरली. एक चिंचोका इकडे, दोन तिकडे. नवऱ्यामुलाच्या घरात त्यानं चुलत्याचा एक ठेवला, आजोबाचा अर्धा ठेवला आणि हात झटकले. "झालं. आता चिठ्ठीला सांगाया हरकत न्हाई."

आईनं सूप खाली ठेवलं. वाकून तिनं ते सगळं गाव एकदा नजरेखालून घातलं, आमटीची चव बघावी तितक्याच शांतपणे.

"दादा," ती म्हणाली, "नवऱ्याचाबी धर. हळदीचं अंग आसलं तरी त्येला पुरा पावशेर लागंल. न्हाईतर मांडवात कमी पडंल."

मामानं अख्खा चिंचोका उचलला आणि त्या घरात ठेवला.

मी उठले आणि परसात गेले. धाकटी राखेनं भांडी घाशीत होती, तोंडानं काहीतरी गुणगुणत होती. तिच्या हातातलं पातेलं मी काढून घेतलं.

"बस हितं," मी म्हणाले. "मला कुणी सांगितलं न्हाई, ते तुला सांगते."