माईकवरचे राव

सोलापुरात माझे पाय टिकले ते एका बाईमुळे. ती माझी कोणी नव्हती. ज्या लग्नाला मी स्पीकर घेऊन गेलो होतो त्यातल्या नवरीची ती आत्या. रोज शहरात सूतगिरणीत कामाला यायची. सगळी वस्ती तिला आत्या म्हणायची, म्हणून मीही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं सांगायला लागलो की मी आपली बाजू सावरत बसतो आणि तिचं राहून जातं.

मी कोकणातला, कुणब्याचा. सातवीत दोनदा नापास झालो, शाळा सुटली आणि गिरणीतल्या एका चुलत्याच्या मागं सोलापूरला आलो. चुलता वर्षभरात गावी परतला. मी राहिलो, कारण परत जायला तोंड नव्हतं. एका स्पीकरवाल्याच्या दुकानात काम मिळालं. रेकॉर्डी लावायच्या, कर्णे बांधायचे, माईकवर बोलायचं. आईला पत्रात कळवलं, मी बोलतो ते आता दोन कोसांवर ऐकू जातं. खोटं नव्हतं ते. पण दुकानात कोणी जरा मोठ्यानं बोललं की मी उगाच कर्णे पुसायला घ्यायचो. वाटायचं, झालं, आज काढतायत मला.

हात मात्र चांगला होता. दुकानात रेकॉर्डप्लेअर दोन. एकावरचं गाणं संपत आलं की दुसऱ्यावर सुई अशी टेकवायचो की मध्ये श्वासालाही जागा राहू नये. लावणीतून कव्वालीत, कव्वालीतून कानडी भजनात. पुढं मालकांनी टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा हेच मी कॅसेटवर भरू लागलो. गिऱ्हाइकं म्हणायची, "एक मिसळ भरून दे की." पण मिसळीतही वाटण्या होत्याच. पेठेतला शिंपी बजावायचा, त्यात ती भीमाची गाणी नकोत. दुसरा कोणी हळूच येऊन सांगायचा, तेवढीच भर. मी दोघांनाही होय म्हणायचो. ढोलकी दोन्ही कॅसेटींत असायची. ती वाजवणारा कोण, हे कधी कोणी विचारलं नाही.

मालक कानडी आणि मराठी दोन्ही बोलायचे. मला तम्मा म्हणायचे, म्हणजे धाकटा भाऊ. माईकचा त्यांचा नियम एकच. "तम्मा, माईकवर नाव घेतलं की फुडं राव लावायचं. चिठ्ठीवर नसलं तरी लावायचं." शहरातल्या लग्नात ते खपून जायचं. हमाल असो की गिरणीतला जॉबर, राव ऐकलं की माणूस टोपी सारखी करत पुढं यायचा.

तर ते लग्न. कुंभारीच्या पुढचं एक गाव, नाव नको. लग्न बौद्धांच्या वस्तीत. गाव त्या वस्तीला अजून जुन्याच नावानं हाक मारायचं, हे मला माहीत नव्हतं. मी बाभळीवर दोन कर्णे बांधले. एकाचं तोंड मंडपाकडं, दुसऱ्याचं गावाकडं. टेपरेकॉर्डर बाजेवर ठेवला. नवा होता, मालकांनी पहिल्यांदाच माझ्या एकट्याच्या हाती दिला होता. त्याला काही झालं असतं तर माझं सोलापूर संपलंच होतं.

कोणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला. तहान लागलेली, तरी हात जरा अडखळला. मी इकडंतिकडं बघितलं. आत्यानं ते बरोबर हेरलं.

"पी," ती म्हणाली, "आमी सांगत न्हाय कुनाला."

बाया हसल्या. मी घटाघटा प्यालो, पण कान तापले होते.

लग्न लागलं आणि पाहुण्यांना टॉवेल-टोपी द्यायची वेळ आली. चिठ्ठीवर नुसती नावं होती. मी सवयीनं एकेकाला राव लावत गेलो. पहिले दोघंतिघं आपल्याच नावाला बिचकले. मग मंडपात गंमत सुरू झाली. "उठा, राव, उठा!" एकमेकांना कोपरानं ढोसायला लागले. माणसं जरा ताठ चालत पुढं येत होती. मीही खुशीत येऊन आवाज वाढवला.

आणि फटफटी आली. पाटलांचा पुतण्या, मागं एक जण.

"कोन राव? कोन राव हाय रं हितं?"

मी चिठ्ठी पाठीमागं धरली.

आत्या पुढं झाली. "काय झालं, धाकलं पाटील?"

"ह्यो सगळ्यास्नी राव लावतोय. पार आमच्या ओसरीवर ऐकू येतंय. उद्याच्याला आमास्नी काय म्हनायचं मग?"

"तुमास्नी धनी म्हनायचं की," आत्या म्हणाली. "अवो, ह्यो कोकण्या हाय. त्यांच्यात मांजरालाबी राव म्हंत्यात. व्हय का न्हाय रं?"

"होय," मी म्हणालो. माझा आवाज कर्ण्यातून गावभर गेला, कारण माईक चालूच होता.

मागचा माणूस खुदकन हसला. पुतण्या नाही हसला. "नावं नुसती वाच. पुन्यांदा राव ऐकू आलं तर ह्यो डबा हिरीत." त्यानं टेपरेकॉर्डरकडं बोट केलं आणि फटफटीवरच बसून राहिला.

पुढचं नाव मी नुसतं वाचलं.

म्हातारा होता तो. अर्धा उठला होता, तसाच थबकला. मग खाली मान घालून आला, टोपी हातात घेतली, घातली नाही. त्यानंतर मी आणखी तीन नावं वाचली. नुसती. माझा डोळा डब्यावर होता, माणसांवर नव्हता.

आत्यानं माझ्या हातातून माईक काढून घेतला.

"आता बाया नावं घेनार. लग्नात नावं घ्यायची न्हाईत व्हय, धाकलं पाटील? तुमच्यात घेत न्हाईत?"

"घ्या की," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार होता?

तिनं त्या म्हाताऱ्याच्या बायकोला हाताला धरून आणलं. म्हातारीनं पदर सावरला, माईक पार तोंडात घातल्यासारखा धरला:

"होटगीच्या फाट्यावर शिट्टी देती गाडी,
...रावांनी घेतली मला हिरवी इरकल साडी."

(नावं मी इथं लिहीत नाही.) मंडप खदखदला. मला एकदम उमगलं काय चाललंय ते. उखाण्यात नवरा रावच असतो, कुठल्याही घरचा असो. ते कोण बंद करणार?

बायांची रांग लागली. मी नुसती वाचलेली ती तीन नावं आधी आली, मग चिठ्ठीतली उरलेली.

"शेंगाची चटणी दिली मला कोनी?
सासू माझी तिखट, ...राव मातुर लोणी."

एक उंच, हडकुळी बाई आली. ती हसली नाही.

"हिरीच्या काठावर पाणी वाढत्यात दुरून,
...राव उभं ऱ्हायलं तर कोन बघंल वरून?"

कोणी हसलं नाही. पुतण्यानं फटफटीला लाथ मारली, आत्याकडं बघून म्हणाला, "लई शानी झालीस," आणि गेला.

"तुजं घे की आता," बायांनी आत्याला डिवचलं.

"माजा कवाच पळून गेला. त्याला कशाला राव म्हनू?"

डबा शाबूत राहिला. मीही. आणि रेकॉर्डचं बटण मी लग्न लागतानाच दाबलं होतं, हे सगळं कॅसेटवर भरत होतं.

दुकानात आल्यावर मी त्याची मिसळ केली. एक गाणं, एक उखाणा, पुन्हा गाणं, मध्ये कुठं तुटू न देता. माझ्या हातून इतकी चांगली कॅसेट पुन्हा झाली नाही. लावली तर रस्त्यावरचे लोक थांबले. समोरच्या विणकरांच्या तेलुगू बायांना निम्मं कळलं नसेल, तरी दारात येऊन हसल्या. मालकांनी शेवटपर्यंत ऐकली.

"चांगली झालीय, तम्मा," ते म्हणाले. "पुसून टाक. त्या गावची अजून लग्नं धरलीयत आपण."

मी कॅसेट सुरुवातीला आणली. माईकची पिन काढली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि दोन्ही बाजू कोऱ्या होईपर्यंत बसून राहिलो. मूळची कॅसेटही पुसली.

आठवड्यानं आत्या गिरणीची पाळी सुटल्यावर आली, बरोबर तीन बाया. ती उंच बाईही होती. "लाव की रं, कोकण्या. आमचा आवाज आमी कवा ऐकला न्हाय."

मी म्हणालो, "भरलंच नाही, आत्या. सेल उतरले होते."

तिनं मशीनवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "जाऊ दे. डबा वाचला न्हवं? तुजी नोकरी ऱ्हायली न्हवं? झालं तर मग." बायांना घेऊन ती निघून गेली. तिला कळलं होतं की नव्हतं, हे मला आजही ठरवता येत नाही.

त्याला बारा वर्षं झाली. माझं आता स्वतःचं छोटं दुकान आहे. आत्याचं गाव इथून किती लांब? सायकलवर तासाभराची वाट. तरी मी गेलेलो नाही. कधी निघतोही, नाक्यापर्यंत जातो, आणि कुणाला तरी कॅसेट द्यायची राहिली असं आठवून मागं फिरतो. सहा उखाणे मला पाठ आहेत. बाकीचे मी पुसले.

आत्या, मी येणार आहे. कॅसेट मी माझ्या हातानं पुसली, हे आधी तुझ्या तोंडावर सांगेन. मग तू हाकलून दिलं नाहीस तर मशीन घेऊन तुझ्या दारात बसेन आणि त्यांतल्या ज्या बाया अजून आहेत त्यांचा आवाज एकेक करून पुन्हा भरून घेईन. पहिली कॅसेट तुझ्या हातात देईन. कोणी सांगितलं तरी ती पुसणार नाही. एवढं मी तुझं फेडणार आहे.