नियम सातवा आणि पवळ्या बैल

निवृत्त शिक्षिकेकडे लोकांनी शाळेच्या आठवणी मागाव्यात, अशी रीत आहे. माझ्याकडे त्या भरपूर आहेत. परंतु चारचौघी चहाला जमल्या की त्या कोणी मागत नाही. "बाई, तुमच्या त्या जनावरांचे सांगा ना!" अशीच फर्माईश होते. व्याकरण मी एकतीस वर्षे शिकवले आणि त्यांपैकी केवळ सात वर्षे, शाळा सुटल्यावर, गावच्या पांजरपोळ संस्थेची मानद चिटणीस होते. तरी किस्से साठले ते तिकडचेच. जनावरे स्वतः बोलत नाहीत, म्हणून त्यांच्या वतीने माणसे बोलू लागतात. आणि माणसे बोलू लागली की काय होते, हे कमिटीच्या कोणत्याही मीटिंगमध्ये बसलेल्यास सांगावे लागत नाही.

संस्था किहीमच्या अलीकडे, नारळीच्या वाड्यांमागे होती. म्हातारी, लंगडी, आंधळी किंवा मालकाला नकोशी झालेली जनावरे तेथे मरेपर्यंत सांभाळली जात. अध्यक्ष वनमाळीशेठ हे भाताच्या गिरणीचे मालक. राखणदार धाकू. आणि कागदोपत्री जे काही शुद्ध असेल, ते माझे.

* * *

स्वातंत्र्य मिळाल्यावर दारावरचा जुना इंग्रजी बोर्ड उतरवला आणि मराठी बोर्ड रंगवायचे ठरले. पेंटर शिडीवर चढला. मी मजकूर दिला : 'गावचा पांजरपोळ'.

"बेन, गावची!" वनमाळीशेठ खालून म्हणाले. "पांजरापोळ ती! आमच्या गुजरातीत पोळ एटले गल्ली. गल्ली कधी 'तो' असते?"

मी म्हटले, "शेठ, बोर्ड मराठी आहे. मराठीत पोळ म्हणजे मोकळा सोडलेला वळू. तो पुल्लिंगीच."

"वळू? धर्माच्या कामावर वळूचं नाव?"

कमिटीचे दोन तट पडले. पाऊण तास झाला. शेवटी शिडीवरून पेंटर म्हणाला, "नर की मादी ते आधी पक्कं करा, बाई. माझा रंग वाळतोय!"

बोर्डावर 'पांजरपोळ संस्था' असे लागले. संस्था स्त्रीलिंगी आहे, याविषयी दोन्ही भाषांत वाद नाही. म्हणून येथेही मी 'संस्था' असेच लिहिणार आहे.

* * *

जनावरांचे रजिस्टर मी स्वतः आखले. नाव, रंग, वय, लिंग, कोणी आणले, शेरा. वर्षभराने सरकारी गुरांचे डॉक्टर इन्स्पेक्शनला आले. हसतमुख तरुण मनुष्य. रजिस्टर चाळता चाळता गंभीर झाले.

"बाई, ही सगळी खच्ची कोणी केली?"

"कोणती?"

"ही पाहा. वासरू, नपुंसक. रेडकू, नपुंसक. शिंगरू, नपुंसक. गाढव, नपुंसक. मांजर, नपुंसक! गावात काही साथ आली होती का?"

मी त्यांना शांतपणे सांगितले की रकान्याचे शीर्षक 'लिंग' असे आहे आणि 'मांजर' हा शब्द पाणिनीच्या गावी नेला तरी... असो, मराठीत तो नपुंसकलिंगीच आहे. डॉक्टरांनी मान डोलावली, टोपी काढून घाम पुसला आणि पेन्सिलीने शेऱ्यात लिहिले : 'वरील मांजरास चार पिल्ले आहेत.'

'पिल्ले' हा शब्दही नपुंसकलिंगीच आहे. पण ते मी त्यांना सांगितले नाही.

* * *

शेजारच्या गावातील एक गुरुजी बदलीवर गेले, तेव्हा त्यांचा पोपट संस्थेत आला. पोपट पाढे म्हणत असे. धाकूला त्याचे फार कौतुक. "बाई, आयका त खरा! पोरांपरीस बेस बोलतंय!"

मी ऐकले. बाराचा पाढा सुरेख चालला होता. आणि मग : "बारा सत्ते त्र्याऐंशी!"

मला त्या रात्री जेवण गेले नाही. त्या गुरुजींच्या हाताखालून किती मुले गेली असतील, या विचाराने! दुसऱ्या दिवसापासून मी शाळा सुटल्यावर पिंजऱ्यासमोर पंधरा मिनिटे उभी राहू लागले. त्याने "त्र्याऐंशी" म्हटले की मी म्हणे, "चूक! चौऱ्याऐंशी." असे तीन आठवडे चालले. चौथ्या आठवड्यात त्याने माझ्या अभ्यासाचे फळ दिले. मान तिरकी केली, माझाच आवाज काढला आणि म्हणाला :

"बारा सत्ते त्र्याऐंशी. चूक!"

चौऱ्याऐंशी त्याने जन्मात उच्चारले नाही.

* * *

आता नियम सातव्याविषयी. भातकापणी झाली की जनावरांना काम नसते आणि चारा मात्र लागतो. एका गृहस्थांनी यावर उपाय काढला. दिवाळीनंतर त्यांनी दोन रेडे संस्थेत आणून सोडले, "धर्म करा" म्हणून डोळे पुसले, आणि जेष्ठात दारात हजर!

धाकूने विचारले, "काय पायजे?"

"रेडे न्यायला आलो. सुट्टी संपली त्यांची!"

त्या गृहस्थांनी 'ज्येष्ठा'स नेहमी 'जेष्ठ' म्हणावे, हे मला आधीच खटकत असे. कमिटीने नियम करण्याचे ठरवले आणि तो शब्दबद्ध करण्याचे काम माझ्याकडे आले. मी लिहिले : 'संस्थेस दिलेले जनावर कोणत्याही कारणास्तव, कोणासही, केव्हाही परत दिले जाणार नाही.' फटी नसलेले वाक्य. वनमाळीशेठांनी ते भिंतीवर रंगवून घेतले. मला त्याचा अभिमान होता. तो लपवण्याचे कारण नाही.

* * *

पुढच्याच वर्षी दामा म्हात्रे माडावरून पडला. कंबर मोडली. दामा सरळ स्वभावाचा आगरी शेतकरी. एक भातखाचर, एक घर, दोन बैल. त्यांतला एक बैल आधीच मेला होता. दामा पुन्हा उभा राहणार नाही, असे सर्वांचे मत पडले. खाटकाचा मनुष्य दोनदा घरी येऊन गेला, तेव्हा दामाने दुसरा बैल, पवळ्या, भावाच्या हाती संस्थेत पाठवला. मी रीतसर पावती लिहिली. दामाने खाटेवरूनच तिच्यावर अंगठा उमटवला.

पवळ्याने दोन दिवस गवताला तोंड लावले नाही. डॉक्टरांनी जीभ पाहिली, पोट दाबले आणि म्हणाले, "रोग नाही. कोणाची तरी वाट पाहतो आहे."

धाकूने चौकशी केली. दामाला सकाळी गोठ्यात शिरताना खाकरण्याची सवय होती. ते ऐकल्यावाचून हा बैल उठत नसे! डॉक्टरांना फार कुतूहल वाटले. त्यांनी धाकूला कुंपणाआड उभे करून खाकरायला लावले.

धाकू खाकरला. पवळ्याने कान हलवला नाही.

धाकू जाड आवाजात खाकरला. पवळ्याने त्याच्याकडे पाठ फिरवली.

धाकूने छाती फुगवून असा खाकारा काढला की कोंबड्या उडाल्या. पवळ्या ढिम्म! आणि पिंजऱ्यातून पोपट स्पष्टपणे म्हणाला :

"चूक!"

भुकेपोटी पवळ्या तिसऱ्या दिवशी खाऊ लागला. पण उभा राही तो नेहमी रस्त्याकडे तोंड करून.

* * *

आठ महिन्यांनी एका सकाळी रस्त्यावर कोणी तरी खाकरले. पवळ्याने घमेले उलथे केले आणि तो कुंपणाशी आला. बाहेर दोन काठ्यांवर दामा उभा होता. लोकांचे मत चुकले होते. तो चालत होता!

त्यानंतर तो रोज येऊ लागला. आधी दोन काठ्या, मग एक, मग काठी नाहीच. ज्येष्ठ लागला, तसा तो माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"बाई, पवळ्या द्या."

"नियम आहे, दामा."

"शेजाऱ्याचा येक बैल हाय. त्याला जोडीदार पायजे. जोडी न्हाय त नांगर न्हाय. औंदा खाचर पडीक ऱ्हायला त खानार काय आमी?"

मी वनमाळीशेठांकडे गेले. ते कठोर मनुष्य नव्हते. त्यांनी गिरणीची वही मिटली. मग म्हणाले, "बेन, एकाला परत दिलं तर उद्या दहा उभे राहतील. ते रेडेवाले पण. नियम तुम्हीच लिहिला ने? बहु सरस लिहिलाय."

माझेच वाक्य माझ्यासमोर आले होते आणि त्यात खरोखरच फट नव्हती.

दामाने ते भिंतीवरून वाचून दाखवण्यास सांगितले. मी वाचले. तो एकेक शब्द तपासू लागला.

"'कोनासही' म्हंजे मना पन?"

"हो."

"'केवाही' म्हंजे पेरनीपुरता पन न्हाय?"

"नाही."

"'दिले जानार न्हाय.' ह्ये कोन द्येनार न्हाय?"

"वाक्य कर्मणी आहे. देणारी संस्था. संस्था देणार नाही."

"बरा. तुमी द्येनार न्हाय." दामाने पवळ्याकडे पाहिले. "आन त्यो आपला आपन निंगला त?"

मी नियम पुन्हा वाचला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

"त्याविषयी," मी म्हटले, "नियमात काही लिहिलेले नाही."

* * *

दोन दिवसांनी, भर दुपारी, धाकू शाळेत धावत आला. माझा सातवीचा तास चालू होता.

"बाई, पवळ्या फाटकातून भायेर पडला! सरल दामाच्या घरचा रस्ता धरलान!"

"फाटकाची कडी कोणी काढली?"

धाकूने पायाच्या अंगठ्याने जमीन उकरली. मग म्हणाला, "कडी निंगाली, बाई."

वाक्यातील क्रियापदाला 'कोण' असा प्रश्न विचारा, म्हणजे कर्ता सापडतो, हे मी इतकी वर्षे मुलांना शिकवत आले. धाकूच्या वाक्यात 'निघणारी कोण?' याचे उत्तर 'कडी' असेच येत होते. व्याकरणदृष्ट्या धाकू निर्दोष होता. मी त्याला परत पाठवले आणि फळ्याकडे वळले.

संध्याकाळी रजिस्टर उघडले. शेऱ्याच्या रकान्यात खोटे लिहिणे मला शक्य नव्हते. मी खरे तेच लिहिले : 'गेला.'

महिनाअखेरीस मीटिंग झाली. त्या महिन्यात मेलेल्या जनावरांसाठी सभासदांनी क्षणभर उभे राहावे, अशी वनमाळीशेठांनी घालून दिलेली प्रथा होती. मी रिपोर्ट वाचू लागले : "या महिन्यात आलेली जनावरे तीन. पवळ्या बैल गेला."

"अरेरे!" शेठ म्हणाले आणि हात जोडून उभे राहिले.

सगळी कमिटी उभी राहिली. दाराशी धाकूने टोपी काढली. डॉक्टर पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी रुमालात तोंड खुपसले, ते दुःखाने की कशाने, मला दिसले नाही. एकटी मी बसलेली. तोंड उघडून एक शब्द बोलायचा, की उभे राहायचे? एक शब्द बोलले असते, तर संध्याकाळी दोन माणसे दामाच्या गोठ्यात गेली असती.

मी उभी राहिले.

* * *

आषाढात मी आणि वनमाळीशेठ एका परवानगीच्या कामासाठी टांग्यातून अलिबागला निघालो. वाटेत भातखाचरांची चिखलणी चालली होती. दामाच्या खाचराशी शेठ एकदम म्हणाले, "टांगा थांबव!"

नांगराला दोन बैल होते. एक शेजाऱ्याचा. दामाने आम्हाला पाहिले आणि गुडघाभर चिखलात तो होता तसाच थबकला. नांगराचे रुमणे हातातून सुटले. त्याची बायको बांधावर रोपांची मूठ घेऊन उभी होती. तिने ती छातीशी धरली.

शेठांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

"दामा, ह्या बैलाचं नाव काय?"

दामाने माझ्याकडे पाहिले. मी माडांकडे पाहू लागले. खोटे बोलणे त्यालाही जमत नसावे.

"पवळ्या, शेट."

"हं," शेठ म्हणाले. बैलाने शेपूट हलवून चिखल उडवला, तो टांग्याच्या चाकापर्यंत आला. "आपल्याकडे पण एक पवळ्या होता. बहु भलो जीव."

"व्हय, शेट."

"गेला बिचारा."

"व्हय," दामा म्हणाला. "गेला."

"चल रे," शेठ टांगेवाल्याला म्हणाले.

टांगा चालू लागला. मी सरळ समोर पाहत बसले होते. वळण ओलांडल्यावर शेठ खाकरले.

"बेन, धाकूला सांगा. पेंडेचं एक पोतं दामाच्या घरी टाकून ये म्हणावं. बैल हाडकला आहे. आणि हे रजिस्टरमध्ये लिहू नका."

मी म्हटले, "क्षमा करा, शेठ. लिहिल्यावाचून संस्थेची एक काडीही बाहेर जात नाही."

"तर मग लिहा," वनमाळीशेठ म्हणाले. "'पोतं गेलं.'"