वहिनींनी अंगठा बाद केला तेव्हा

तमाम ग्रामस्थांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उमटणारा अंगठा यापुढे होकार समजला जाणार नाही, नकार समजला जाणार नाही, किंबहुना काहीच समजला जाणार नाही. या सूचनेची टिंगल करणाऱ्याची गय केली जाणार नाही.

भाषा माझी, हुकूम सुमनवहिनींचा. काही आठवड्यांपूर्वी त्याच ग्रुपवर मजकूर आला, ‘आपल्या सदस्या सुमनवहिनी आज पहाटे हृदयविकाराने गेल्या.’ मी अंबाजोगाईला घरी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला फेस तसाच... खाली जोडलेले हात एकामागून एक उमटत होते आणि मधेच आमच्या बापूआजांचा ठसठशीत अंगठा! ‘वाचलं’ एवढंच बिचाऱ्यांना सांगायचं होतं. मला खुदकन हसू आलं. हे आधी वहिनींना सांगितलं पाहिजे म्हणून मी त्यांचा नंबर काढला, आणि बोट त्यांच्या नावावर गेल्यावर कळलं की आपण काय करतोय. मग आरशासमोरून उठवेना.

वहिनी म्हणजे माझा चुलतभाऊ अण्णा याची बायको. गाव आमचं वडवणीकडचं. नात्याने मी एकटा त्यांचा दीर, पण त्या साऱ्या गावाच्या वहिनी झाल्या. ओढ्याकडचा वॉर्ड महिला राखीव झाला तेव्हा अण्णाने त्यांना उभं केलं, त्या निवडून आल्या आणि पंचायतीत जाऊन बसू लागला अण्णा! हार याच्या गळ्यात, सत्काराचा नारळ याच्या हातात. सही तेवढी वहिनींची. पंचायतीने गावाचा ग्रुप काढला, त्यातही नंबर अण्णाचाच. मी चिडवायचो, “सदस्यबाई, आज काय ठराव केलात?” “भावजी,” वहिनी भाकरी थापत म्हणायच्या, “ते आले की इचारते, मी काय काय म्हणाले ते.”

हसत हसत बोलायच्या, पण ते त्यांना लागत होतं. एके दिवशी त्यांनी लेकाचा जुना फोन घेतला आणि ग्रुपमध्ये शिरल्या. लगेच कुणीतरी विचारलं, ‘कोण?’ वहिनींनी एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं, ‘या वॉर्डाची सदस्य.’ अण्णा घरी आला तो तणतणतच. “माझ्या फोनात तूच हायेस की! दुसरा कावून घेतला?” वहिनी शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या फोनात तुमी हाय. मी न्हाई.”

त्यांचा सगळा जीव अडकला होता ओढ्यापलीकडच्या वस्तीत. तिथली घरं दिवाळी झाली की कुलपं लावून ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यात परततात. मग पावसाळा. ओढ्याला पाणी आलं की वस्ती तुटते. एका पावसाळ्यात कौसाबाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसवून अलीकडे आणलं होतं. वहिनी कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या. सून आणि बाळ दोघंही वाचली. पण गावच्या कामांचा आराखडा ठरतो प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत, आणि तेव्हा पूल मागणारी माणसं दूर कुठल्यातरी फडात ऊस तोडत असतात! जे हजर नाहीत त्यांचा पूल कोण मागणार? दरवर्षी दुसरंच काहीतरी मंजूर व्हायचं.

म्हणून वहिनींनी वस्तीतल्या बायकांना ग्रुपमध्ये घेतलं. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवा, म्हणाल्या. मग काय, उसाच्या फडातून आवाज येऊ लागले. मागे ट्रॅक्टरची गाणी, पोरांचं रडणं, मधेच “मुकादम आला, ठेवते.” असला निरोप ऐकताना वहिनी पदर सारखा करायच्या, समोर माणूस बसल्यासारखा हुंकार द्यायच्या. मी म्हणायचो, “वहिनी, तिला ऐकू जात नाही तुमचं.” “जाऊ द्या की,” त्या म्हणायच्या, “मला तर ऐकू येतंय.”

गेल्या वर्षी जानेवारीत सरपंचांनी ग्रुपवर सवाल टाकला, ‘गावाच्या वेशीवर भव्य स्वागत कमान करावी काय?’ आणि अंगठ्यांचा नुसता पाऊस! सरपंच हरखले. ‘प्रचंड बहुमत’ असं त्यांनी लिहूनही टाकलं. वस्तीतल्या बायकांचेही अंगठे पाहून वहिनींचा चेहरा उतरला. मी तेव्हा गावीच गेलो होतो, माझ्यासमोर त्यांनी कौसाबाईला फोन लावला. “कौसे, तुला कमान पायजे?”

“कमान?” कौसाबाई तिकडून ओरडलीच. “काय करायची कमान? वैनी, आमी समद्यांनी त्यांला अंगठा दावलाय! ठेंगा!”

मी हसून लोळायचा बाकी होतो. पोरांचा अंगठा ‘हो’, वस्तीचा ‘घ्या ठेंगा’ आणि बापूआजांचा ‘वाचलं’! तीन अर्थांचे अंगठे एकाच पोत्यात भरून सरपंच कमान बांधायला निघाले होते. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला समोर बसवून वर दिलेली सूचना लिहून घेतली आणि ग्रामसभेत पहिल्यांदा स्वतः उठून बोलल्या. अंगठा बाद. जो बाहेरगावी आहे त्याने फोनवर तोंड दाखवून हात वर करायचा. ग्रामसेवक म्हणाले, “ताई, हे नियमात बसत नाही.” वहिनी म्हणाल्या, “बसत नसंल तर उभं राहू द्या. पण मोजा.” सभेत हशा पिकला. कमान वर्षभर लांबली आणि बाहेरगावच्यांचं म्हणणं वेगळं लिहून घ्यायचं ठरलं. वहिनींनी एवढंच पदरात पाडून घेतलं.

पुढे उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या तालमी चालल्या. फोन खांबाला टेकवून प्रत्येकीचं नाव घ्यायचं, हात बघायचा, आणि “दिसला गं, घे खाली” म्हटल्याशिवाय कुणी हात खाली घ्यायचा नाही. यंदा पूल आराखड्यात घालायचाच, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. जानेवारी यायला थोडेच दिवस राहिले होते...

यंदाच्या ग्रामसभेला मी मुद्दाम गेलो. दोन मिनिटं स्तब्धता झाली. नंतर कमान आणि पूल, दोन्ही विषय निघाले. पण आता फोन कोण धरणार? कुणी उठेना. शेवटी अण्णा उठला. वहिनींच्या खुर्चीत इतकी वर्षं ऐटीत बसलेला अण्णा, त्या दिवशी त्यांचाच फोन दोन्ही हातांत धरून, देवापुढचं ताट न्यावं तसा सभेपुढे फिरला. मला त्याच्याकडे बघवेना. पडद्यावर उसाचा फड, डोक्याला फडकी बांधलेल्या बायका, वर केलेले काळवंडलेले हात. इकडे मंडपातलेही हात वर झाले, काही तर कमानवाल्यांचेही. ग्रामसेवकांनी इकडचे मोजले, तिकडचे वेगळे लिहून घेतले. सरपंच खाकरले आणि म्हणाले, “पूल मंजूर.”

टाळ्या वाजल्या, विरल्या. माणसं उठायला लागली. अण्णा फोन धरून तसाच उभा होता. नेटवर्क अडकत होतं, पडद्यावर कौसाबाईचा हात अजून वरच होता. मला वाटलं, चित्र गोठलंय. तेवढ्यात फोनमधून तिचा आवाज आला, नेहमीसारखा, मोठ्यांदा, सगळ्या सभेला ऐकू जाईल असा...

“वैनी, दिसला का माझा हात? घेऊ का आता खाली?”